कडेची ओळ

घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून फर्निचरची ड्रॉइंगं काढून देणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे सुतार ‘काटकोन’ म्हणत. बसणं ताठ, बोलणं ताठ, आणि कुणाची फळी नखभर तिरकी दिसली की पारा चढलाच म्हणून समजा. असा हा माणूस कित्येक वर्षं चोरीच्या सॉफ्टवेअरवर रेघा ओढत होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं ते फुकटात टाकून दिलं होतं, सगळेच तसं वापरत होते, आणि अस्सल प्रतीचं वर्षाचं भाडं ऐकून भल्याभल्यांना घाम फुटायचा. तेव्हा काटकोनानंही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

मग एका मोठ्या कारखान्याकडून विचारणा झाली. वर्षभराचं हमखास काम. रोज नव्या गिऱ्हाइकाच्या मिनतवाऱ्या करून तो पार विटला होता. हे काम हातचं जाऊ द्यायचं नाही, असं नवरा-बायकोनं ठरवून टाकलं. कारखान्याची अट एकच, सॉफ्टवेअर अस्सल हवं. बायकोनंच शोधून काढलं की फारसं नाव नसलेलं एक सॉफ्टवेअर मिळतं, पैसे एकदाच भरायचे, भाडंबिडं नाही, आणि जुन्या फायलीही त्यात उघडतात.

उघडत होत्या, पण हाताला वळण जुनं. बोटं सवयीनं एक बटण दाबत आणि पडद्यावर भलतंच काही उमटे. कपाटाच्या दाराला गोल कोपरा द्यायला गेला तर दारच गायब. फुकटचं होतं तेच बरं होतं, असं तो दिवसभर पुटपुटत राहिला. कारखान्यानं आपल्या नावाची छापील चौकट असलेलं एक कोरं पान पाठवलं होतं. त्यात कशीबशी नमुन्याची ड्रॉइंगं बसवून त्यानं ती रवाना केली.

लगोलग कारखान्याच्या मॅनेजरांचा फोन आला. त्यांच्याकडे छापल्यावर प्रत्येक पानाच्या कडेला एक ओळ येत होती: विद्यार्थी प्रत, फक्त शिकण्यासाठी. काटकोनाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये तसलं काही दिसतच नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की ही ओळ साथीच्या रोगासारखी पसरते. त्या महागड्या सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांना फुकट मिळणारी प्रत असते, तिच्यात काढलेला एखादा तुकडा चिकटवला, की ती अख्ख्या फायलीला लागते. त्याला लगेच आपले साठवलेले ड्रॉवर, कड्या, बिजागऱ्या आठवल्या. कुठून काय उचललं होतं, देव जाणे. त्यानं मॅनेजरांची माफी मागितली, पूर्वी चोरीची प्रत वापरत होतो हेही सांगून टाकलं आणि मुदत मागून घेतली. मॅनेजरांनी सचोटीवर प्रवचन झोडलं. ते त्यानं मान खाली घालून ऐकलं.

मग जुनं सगळं टाकून त्यानं प्रत्येक बिजागरी पहिल्या रेघेपासून नव्यानं काढली. पाठ धरली, डोळे चुरचुरले, बायकोशी खटके उडाले. सगळं पुन्हा पाठवलं. ओळ पुन्हा हजर.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. आपण काढलेलं नाही असं त्या पानांवर एकच काही उरलं होतं, ती कारखान्याची चौकट. त्यानं ती तशीच, आत एकही रेघ न ओढता परत पाठवली आणि मॅनेजरांना छापायला सांगितलं. फोनवर प्रिंटरची घरघर ऐकू आली.

‘‘आली का ओळ?’’ काटकोनानं विचारलं.

‘‘आली. पण मग बाकीच्या ड्रॉइंगवाल्यांच्या पानांवर का येत नाही?’’

मॅनेजरांनी तिकडेच कुणाला तरी हाक मारून विचारलं. आपली चौकटच विद्यार्थी प्रतीत काढलीय, ओळ पुसणारा एक चोरटा प्रोग्राम फिरतोय, बाकी सगळे तोच वापरतात, असं उत्तर काटकोनालाही स्पष्ट ऐकू आलं. मॅनेजरांनी आवाज खाली आणला.

‘‘तुम्हालाही पाठवतो तो. तेवढी ओळ पुसून टाका, काम तुमचंच.’’

काटकोनाच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर बसलेली बायको त्याच्याकडे बघत होती. काम गेलं तर पुन्हा मिनतवाऱ्या, हे दोघांनाही कळत होतं.

‘‘पुसत बिसत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘चौकट मी नवी काढून देतो. पण त्या दिवशी मी जी माफी मागितली, ती मला परत द्या.’’

चौकट त्यांनी घेतली, कामही दिलं. माफी अजून तिकडेच आहे.