रक्षाने शोधलेला ठिपका

रक्षा माझी शाळेपासूनची मैत्रीण. दिघोरीची. नागपुरात ती जाळ्यांचं शास्त्र शिकते. साथ माणसामाणसांतून कशी पसरते, एक बँक बुडाली की मागोमाग कोणत्या बुडतात, कोणता संगणक बंद पडला की सगळं ठप्प होतं. मी मराठीत एम.ए. केलं. ती सांगायची, मी ऐकायची.

मागच्या रोवण्यात तिची आई, मनकर्णाबाई, गावातला मोठा शेतकरी वीरेंद्र याच्या बांधीत भाताची रोपं लावत होती. पायाला साप चावला. वीरेंद्र बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा होता, गाडी रस्त्यावर.

"एवढी बांधी होऊन जाऊ द्या, मंग काढतो गाडी," तो म्हणाला.

बायकांनी बांधी पुरी केली. मनकर्णाबाई दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

तक्रार दिली, पुढे काही झालं नाही. रक्षा रडली नाही. या उन्हाळ्यात ती गावी आली आणि घरोघरी चहा पीत बसली. रोवण्याच्या टोळीला कोण बोलावतं, बाहेरगावच्या बायका कोणाच्या शब्दावर येतात, कोणाकडे उतरतात. मला वाटलं, अभ्यास चालला आहे. एका संध्याकाळी तिने लॅपटॉपवर ठिपके आणि रेषा दाखवल्या. सगळ्यात मोठी टोळी भैय्याजीची. तिने त्याचा ठिपका पुसला. जाळं जवळपास तसंच राहिलं. मग एक बारीक ठिपका पुसला. जाळ्याचे तुकडे झाले.

तो कुंताबाईचा. तिची टोळी लहान. पण मुली, बहिणी, भाच्या आसपासच्या गावांत दिलेल्या. बाहेरची टोळी तिच्याच फोनवर यायची, तिच्याच नातेवाइकांकडे उतरायची.

आम्ही तिच्याकडे गेलो. वीरेंद्रसाठी फोन करायचा नाही, रक्षाने एवढंच मागितलं. मजुरी कुंताबाईचीही बुडणार होती. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"तुही माय पडली होती, अन् आमी रोवतच होतो," ती म्हणाली. "नाही करत फोन."

गावभर रोवणा लागला. वीरेंद्रने मजुरी वाढवली. ट्रॅक्टर घेऊन लाखनीपर्यंत फिरला. बायका म्हणत, कुंताबाईला विचारून सांगतो. यंत्र आणलं, ते चिखलात रुतलं. त्याला वाटलं, कुंताबाईच्या आडून हे भैय्याजीचंच काम. भर चौकात त्याच्याशी भांडला. मग भैय्याजीनेही त्याला कबूल केलेली आपली टोळी काढून घेतली. हे ऐकून रक्षा हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रोपं वाफ्यातच पिवळी पडली. कुंताबाईकडून खरं कळल्यावर वीरेंद्रचे वडील, देवाजी, रक्षाच्या दारात आले. जमिनीवरच बसले.

"पोट्यानं चूक केली, बाई. आता सोड."

रक्षाने त्यांना पाणी दिलं.

"काकाजी, तुमच्यावर नाही माझा राग. पण रोवणा नाही होणार."

ते भिंतीला हात लावत उठले. मी म्हटलं, आता पुरे. तिने लॅपटॉप उघडला. नवीन ठिपके होते. लाखनीला वीरेंद्रची राईस मिल आहे. त्या मिलला धान कोण कोण पुरवतं, ते.

"या सगळ्यांच्या मधात कोण आहे, तेच पाहून राहिली," ती म्हणाली.