आक्काच्या गाडीची हमी आणि तिच्यावरचा कर

आधी क्रम नोंदवतो, माणसाविषयी मग लिहितो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गाडीची वाढीव हमी रद्द करण्याचा अर्ज दिला. तो स्वीकारणारा शोरूमचा लेखनिक. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात हमीची मूळ किंमत परत आली, तिच्यावरचा अठरा टक्के कर मात्र आला नाही. जबाबदार तेथील लेखाधिकारी. नागपंचमीला ‘पावती वाचता येत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले. जबाबदार पुन्हा लेखनिक. देवदिवाळी उलटल्यावर ‘आता मुदत संपली’ असे कळवण्यात आले. जबाबदार व्यवस्थापक, ज्यांनी माझ्या नऊ नोंदणीकृत पत्रांपैकी एकाचेही उत्तर दिलेले नाही.

या तिघांवर मी संतापलो होतो. जिचा पैसा अडकला होता ती मात्र दर खेपेला त्याच लेखनिकासाठी पिशवीभर भेंडी घेऊन जायची.

शेणव्यापासून खर्डीपर्यंत तिला ‘गाडीवाली आक्का’ म्हणत. शोरूमला मी तिच्यासोबत जाई, कारण तालुका न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला कागद कळतात, असा तिचा विश्वास होता. भेंडीवरून आमचा पहिला वाद झाला.

“अहो, ते तुमचे देणेकरी आहेत!” मी म्हणालो.

“म्हनून काय त्यांना जेवन लागत नाय? कुनाच्या दारात मोकळ्या हातानं जायचं नाय, भाऊसाहेब.”

लेखनिक भेंडी घेई आणि अर्ज मागे सारी. आक्का बाहेर येऊन म्हणे, “पोरगा वाईट नाय. वरच्यांना भितो.”

नवरा गेल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर ती गाडी शिकली. मुरबाडहून असो वा तानसाच्या बाजूच्या पाड्यावरून, अडलेली बाई शहापूरच्या रुग्णालयात पोचवायची तर लोक आधी तिला हाक मारत. बाळंतिणीचे भाडे ती जाताना घेत नसे. परतताना बाळाचे तोंड बघून घेई. एकदा मी पुढच्या आसनावर होतो आणि मागे एक मुलगी ओठ चावून कळा सोसत होती. आक्काने आरशात पाहिले आणि म्हणाली, “गो, दाबू नको. वरड चांगली. गाडी माझी हाय, आवाज तुझा हाय. भाऊसाहेब कान झाकतील.” मी खरोखरच कान झाकले.

जुनी गाडी थकली तेव्हा बचत गटाच्या बायकांनी सात आसनांची नवी गाडी घेण्यासाठी गटाची शिल्लक आक्काच्या हाती दिली. गाडीबरोबर शोरूमने वाढीव हमीही गळ्यात बांधली. कंपनीची मूळ हमी संपल्यावर ती सुरू व्हायची होती. दसऱ्याला गाडी दारात आली. बायकांनी चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला आणि किल्लीबरोबर कागदांचीही पूजा केली. त्या पूजेत हमीच्या पावतीवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक उमटले, ते नेमके पावतीच्या क्रमांकावर.

माघात मुरबाडच्या नाक्यावर एक डंपर मागे घेताना उभ्या गाडीवर चढला. गाडीत कोणी नव्हते, एवढेच नशीब. विमा कंपनीने गाडी निकामी ठरवून भरपाई दिली, त्या पैशांतून आक्काने जुनीच एक गाडी घेतली, आणि जी हमी अजून सुरूही झाली नव्हती ती रद्द केली. सेवा दिली नाही तर तिच्यावरचा कर कशाचा? विक्रेत्याने मुदतीत क्रेडिट नोट, म्हणजे विक्री मागे घेतल्याचा कागद, काढली असती, तर भरलेला कर त्याच्या पुढच्या देण्यातून वजा झाला असता. त्याच्या खिशाला झळ लागली नसती. लेखनिकाने मात्र कुंकवावर बोट ठेवले.

“नंबर दिसत नाही. पुसून आणा.”

“देवाचं कुकू हाय रे. पुसू कसं?”

“अहो, तुमच्या संगणकात हिचा क्रमांक आहे की नाही?” मी ओरडलो.

“सर, मूळ पावती लागते.”

त्या एका क्रमांकासाठी पावसाळा गेला. मी पत्रांमागून पत्रे धाडली, कलमे उद्धृत केली, व्याजाचा हिशेब मांडला. तिकडे हमीचे परत आलेले पैसे आक्काने गटात भरले तेव्हा कराएवढी रक्कम कमी पडली, आणि बैठकीत तिची जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, “कर सरकारला गेला म्हनतेस. सरकार तुझ्या कपाटात ऱ्हातंय काय गो?” बायका हसल्या. आक्काही हसली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओटीवर आली.

“भाऊसाहेब, पैशे ऱ्हाऊ द्या. मी भात विकून भरीन. त्यांना एवढंच लिवून मागा, की ह्ये पैशे आमच्याकडं हायत, आक्काकडं नायत. सही, शिक्का. मी बैठकीत दाखवीन.”

“असल्या कागदाला कायद्यात काही किंमत नाही,” मी म्हणालो. “आपण व्याजासकट वसूल करू.”

“तुमाला जास्त कळतं,” ती म्हणाली, आणि उठली.

माझ्या नऊही पत्रांच्या स्थळप्रती माझ्याकडे आहेत. त्यांत कलमे आहेत, दाखले आहेत, इशारे आहेत. तिने मागितलेली ती एक ओळ कोठेही नाही. वर दिलेल्या यादीत, म्हणून, चौथे नाव माझे लिहावे.

आक्काने भात विकून गटाची रक्कम भरली. परिणाम उलटा झाला. घेतले नव्हते तर भरले कशाला, असे बायका कुजबुजू लागल्या. पुढच्या थंडीत तिला कावीळ झाली. जिने निम्मा तालुका रुग्णालयात पोचवला, तिला दुसऱ्या कोणाच्या गाडीतून न्यावे लागले. ती परत आली नाही.

दहाव्याला तिची जाऊ नदीवर माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले होते. “भाऊसाहेब, आता तरी खरं सांगा. त्ये पैशे कुठं गेले?” मी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “कागद हाय?” माझ्या पिशवीत स्थळप्रतींचा गठ्ठा होता. मी तो उघडला नाही.

म्हणून हे लिहितो आहे आणि या वेळी एकही कलम उद्धृत करीत नाही. व्यवस्थापक महाशय, तुमच्या कराची मुदत संपली असेल. तिच्या नावाची संपलेली नाही. कर परत मागणे हा वेगळा विषय, तो मी सोडणार नाही. आज एवढेच विचारतो : ती रक्कम आक्काने घेतली की तुम्ही ठेवली? शेणव्यात गटाची बैठक दर महिन्याला शाळेच्या पडवीत भरते. तेथे उभे राहून, बायकांच्या समोर, मोठ्याने उत्तर द्या.