दादूसची फटफटी

आमच्या घरमालकांएवढा हट्टी माणूस ठाण्यात खोपटपासून टेंभी नाक्यापर्यंत दुसरा झाला नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. एरवी मला कुठलीच गोष्ट छातीठोकपणे सांगता येत नाही. मालकांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती. ती बंद पडली, जमिनीवर चाळ उभी राहिली आणि मालकांना दिवसभर वेळच वेळ उरला. या वेळात ते यंत्रं आणत. लढाई संपून कल्याणची लष्करी छावणी उठली, तेव्हा लिलावात लोकांनी खाटा घेतल्या, ताडपत्र्या घेतल्या. मालकांनी चावीचा सिनेमा-कॅमेरा, भिंतीवर चित्रं पाडायचं यंत्र आणि केसासारख्या पोलादी तारेवर आवाज धरून ठेवणारा एक भलामोठा पेटारा बैलगाडीत घालून आणला. मालकीणबाईंनी त्यांना खाट आणायला पाठवलं होतं.

पेटाऱ्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक होतं आणि त्या पुस्तकामुळेच माझी त्यांच्याशी ओळख वाढली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीत छापलेलं सगळं मला कळतं, अशी चाळीत समजूत होती. मी भीत भीत म्हणालो, "मालक, मी संस्कृत घेतलंय. यंत्रांतलं मला काही कळत नाही."

"मंग काय झालं? ए बी शी डी तं तीच हाय ना? वाच!"

मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की कॅमेरा मुका आहे, पेटारा आंधळा आहे आणि दोघांची गाठ आपली आपणच घालायची आहे. मालक खूश झाले. त्यांना नेमकं तेच हवं होतं.

त्यांना ही धडपड करायची होती ती थोरल्या भावासाठी. त्याला ते दादूस म्हणत, म्हणून आम्ही सगळेच म्हणत असू. दादूस रोज फटफटीवरून ठाण्याहून कल्याणला भातगिरणीवर जायचा. श्रावणात त्याचं डावं अंग गेलं आणि तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. बोलणं जवळजवळ बंद. फटफटी कल्याणच्या एका गृहस्थांना विकली होती, ते दसरा झाला की न्यायला येणार होते. त्याआधी भावाला एकदा तिच्यावरून कल्याणला न्यायचं, असं मालकांनी मनात घेतलं.

"डोल्यांनी जाईल, कानांनी जाईल," ते म्हणाले. "गारी त्याचीच पायजे, आवाज पन तिचाच पायजे. आन् बरोब्बर पायजे. त्याला सगला कलतं."

मालकांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती. नाक्यावरच्या मेस्त्रीला त्यांनी फटफटीवर बसवलं आणि स्वतः मागे बसून त्याच्या खांद्यावरून रस्त्याची चित्रं घेतली. चावी संपली की उतरायचं, चावी द्यायची, पुन्हा बसायचं. कळव्याच्या पुलावर असं तीनदा झालं, तेव्हा मेस्त्री म्हणाला, "शेट, यापरीस चालत गेलो असतो तर भिवंडीवरून फिरून आलो असतो."

आवाजाचा पेटारा मात्र विजेच्या प्लगाला बांधलेला. म्हणून आवाज अंगणात घ्यायचा ठरला, फटफटी स्टँडवर चढवून. पण नुसत्या फिरणाऱ्या चाकाचा आवाज मालकांना पटेना. "ही चढावर नाय. ही उगाच बोंबलतेय." मग मागच्या चाकाला फळी दाबून धरायला चाळीतली दोन माणसं उभी केली. माझ्या हातात घड्याळ आणि चित्रं बघून केलेली रस्त्याची यादी होती: इथे पूल, इथे चढ, इथे म्हशी. मी ओरडायचं, मेस्त्रीने त्याप्रमाणे गाडी हाकायची.

चित्र आणि आवाज जुळायला दोन्हीकडे एक खूण हवी, असं पुस्तकात लिहिलं होतं. टाळी वाजवा म्हणून. मालकांना ते फार कोरडं वाटलं. त्यांनी दर वेळी नारळ फोडायचं ठरवलं. रस्त्यावर कॅमेऱ्यापुढे एक, अंगणात पेटाऱ्यापुढे एक, आणि मग फुटताना दिसणारा नारळ फुटताना ऐकू येणाऱ्या नारळाशी जुळवायचा. शास्त्र झालं आणि मुहूर्तही झाला. पंधरा दिवस चाळीत सगळ्यांच्या घरी खोबऱ्याची चटणी होती. "दादूस कल्यानला पोचंल तवा पोचंल," मालकीणबाई म्हणाल्या, "माजा पाटा मातर झिजला."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही दादूसला उशांवर टेकवून बसवलं. नारळ फुटला, दिसला आणि ऐकू आला, अगदी एकाच क्षणी. मालकांनी माझा दंड एवढा दाबला की मी कळवळलो. पण पुलाच्या अलीकडेच चित्र मागे पडू लागलं. आवाज पूल ओलांडून चढाला लागला, भिंतीवर मात्र अजून पूलच होता. "म्हशी! म्हशी!" असा माझाच घाबरा आवाज खोलीत घुमला आणि भिंतीवर एकही म्हैस नव्हती. मालक यंत्राच्या खुंट्या पिळत होते, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात माझं लक्ष दादूसकडे गेलं. त्याचे डोळे मिटलेले होते. त्याचा उजवा हात गोधडीवर होता आणि मूठ आवाजाबरोबर वळत होती. चढ आला की स्वतःकडे, म्हशी आल्या की पुढे. मालकांनीही ते पाहिलं. त्यांनी चित्राचा दिवा बंद केला. एवढ्या दिवसांची सगळी चित्रं विझली. अंधारात फटफटी कल्याणला पोचेपर्यंत कोणी हललं नाही.

खरी फटफटी ठरल्याप्रमाणे गेली. दादूस मग रोज दुपारी "गारी लाव" म्हणू लागला. एवढी बारीक तार ती, मधूनमधून तुटे. मालक चष्मा लावून तुटकी टोकं कापत आणि गाठ मारत. दर गाठीला रस्त्याचा एक तुकडा जाई. आधी चढ गेला, मग म्हशी गेल्या, त्यांच्याबरोबर माझा आवाजही गेला. मी शेवटचा तिथे बसलो होतो तेव्हा पूल संपला न संपला तोच कल्याण आलं.

दादूसने डोळे उघडले. "आज लवकर पोचलो रं."

मालक तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "रस्ता मोकला व्हता, दादूस."