आंबेनळीच्या माथ्यावर वऱ्हाडाचा ट्रक गारठला तेव्हा

माझ्या बहिणीचं, सुमनताईचं लग्न ठरलं तेव्हा महाडात डिझेलचे ट्रक नवेनवेच आले होते. नवरा मुलगा दत्ताराम आंबेनळी घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतला. लग्न आमच्या दारी, महाडला. त्या वाडीपर्यंत एस.टी. जात नसे, म्हणून वऱ्हाड आणायला भाऊंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हमीदभाईंचा ट्रक सांगितला. हमीदभाई भाऊंचे लहानपणापासूनचे दोस्त. एरवी त्यांच्या गाडीतून भाताची पोती जात. मुलीकडचं माणूस म्हणून सोबत मला धाडलं. मी विशीतला, आणि आंबेनळी कधी न चढलेला. मला कोण आनंद!

मार्गशीर्ष चालू होता. दुपारी जेवून निघालो. पोलादपूरपर्यंत रस्ता कधी सावित्रीच्या अंगाने, कधी तिच्यापासून जरा दूर असा जातो. भात कापून झालेलं, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या. पोलादपूरला चहा आणि गरम भजी खाल्ली. तिथून सरळ जाणारा रस्ता कशेडी घाटाचा, डावीकडचा महाबळेश्वरचा. हमीदभाईंनी तिथे हवा, पाणी, ब्रेक सगळं तपासलं. आज जाणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे: गाडीचं जे काही बघायचं ते पोलादपूरलाच बघून घ्या, वर सोय नाही. पावसाळ्यात दरड आली आहे का हे विचारल्याशिवाय तर पुढे पाऊलही टाकू नका.

घाटात गाडी इतकी तापली, की दोनदा थांबून झऱ्याचं पाणी ओतावं लागलं. एकेका वळणावर दरी खाली खाली जात होती आणि वारा बोचायला लागला होता. महाडात अंगात सदरा नकोसा व्हायचा. इथे मी मानेभोवती टॉवेल गुंडाळून बसलो. वाडीवर पोचलो तेव्हा मांडवात हळद चालली होती. नाचणीची भाकरी, पिठलं आणि वर वाटीभर तापलेलं दूध. असं जेवण मला नंतर कुठे मिळालं नाही. ट्रक देवळापुढच्या सपाट जागेवर उभा केला आणि आम्ही घोंगड्यांत शिरलो.

सकाळी बाहेर आलो तर गवत पांढरं पडलेलं. हमीदभाईंनी गाडीत बसून स्टार्टर मारला. इंजिन जडपणे दोन फेरे फिरलं आणि थांबलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. थोड्या वेळाने बॅटरीच बसली. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते आणि इंजिन पेटतं. डिझेलला ठिणगी नसते; आतली हवा दाबून दाबून तापते, तेव्हा ते पेट घेतं. इथे तर सगळं लोखंड गारठलेलं आणि ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं. हमीदभाईंनी आणि मी आळीपाळीने हँडल मारून पाहिलं. माझे खांदे भरून आले, इंजिन हूं की चूं करीना.

तोवर वऱ्हाड नटून थटून गाडीभोवती जमलं होतं. वाजंत्री वाजवायची थांबली. मुहूर्त दुपारचा, आणि मधे अख्खा घाट. नवऱ्या मुलाचे थोरले चुलते काठी टेकत पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलीकडची गाडीच उठत नाय. हे लक्षण काय बरं नाय."

दोन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ताईचं लग्न इथेच, या पांढऱ्या गवतावर मोडतंय की काय, असं मला वाटलं. भाऊंना काय सांगायचं?

मग दत्तारामची आई पार्वतीबाई मांडवातून आल्या. बुटक्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हात पिठाचे. दिराच्या समोर डोक्यावरचा पदर सारखा करून, पण त्यांच्याकडे सरळ बघत त्या म्हणाल्या, "भावजी, खालच्या उबेतली गाडी हाय, आमच्या थंडीनं गारठली. आता खालच्या उबेतलीच पोर या घरात येणार हाय. ती गारठली म्हंजे तिला पण वाईट लक्षण म्हणायचं काय?"

पार्वतीबाईंनी हमीदभाईंना विचारलं, हिला ऊब द्यायची तर कशी द्यायची. हमीदभाईंनी खरं ते सांगितलं. उत्तरेकडे गाड्या नेणारे ड्रायव्हर इंजिनाखाली जाळ करतात असं त्यांनी ऐकलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं, आणि डिझेलची टाकी जवळ असल्यामुळे धीर होत नव्हता. पार्वतीबाई म्हणाल्या, जाळ नको, निखारे देते. त्यांनी लग्नाच्या चुलीतले निखारे घमेल्यांत काढले, वर राख पसरली आणि बायांनी ती घमेली इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या टाकीखाली सरकवली. अंघोळीच्या हंड्यातलं पाणी बादल्यांनी आलं. हमीदभाईंनी रेडिएटरमधलं गार पाणी सोडून दिलं आणि आधी कोमट, मग गरम असं बेताबेताने भरलं. एकदम कढत ओतलं तर लोखंड तडकायचं. कुणीतरी बॉनेटवर आपली घोंगडी टाकली. मग पाहता पाहता घोंगड्यांची चळतच झाली.

गाडी अंगात ऊब धरेपर्यंत सगळे भोवती उकिडवे बसून राहिले, जसं व्यायला झालेल्या म्हशीपाशी बसतात. मग घमेली काढली. उतार लागेपर्यंत ट्रक ढकलायचा होता. हळद लागलेल्या नवऱ्याने वऱ्हाड निघेपर्यंत मांडवाबाहेर पडायचं नसतं, पण दत्ताराम आला आणि मागच्या फळीला खांदा लावून उभा राहिला. त्याला अडवायला चुलते पुढे झाले, थबकले, आणि काठी मला देऊन त्यांनीही त्याच्या शेजारी खांदा लावला. उताराला लागताच हमीदभाईंनी क्लच सोडला. ट्रकला एक गचका बसला, काळा धूर आमच्या तोंडावर आला, आणि इंजिन धडधडायला लागलं. वाजंत्र्यांना वाजवा म्हणून सांगावं लागलं नाही.

महाडला पोचलो तो मुहूर्त टळत आलेला. भाऊ रस्त्यावरच उभे होते. नवऱ्या मुलाला हात धुवायलाही कुणी वेळ दिला नाही. अंतरपाट दूर झाला आणि हार घालायला दत्तारामने हात वर केले, तर एका बाजूने हळदीचे आणि एका बाजूने काजळीचे. ताईला हसू आवरेना. नवरीने असं हसू नये म्हणून आत्या डोळे वटारत होती. मग दत्तारामही हसला.

त्या घाटातून पुढे मी कितीदा गेलो त्याला गणती नाही. रस्ता बदलला, गाड्या बदलल्या. पण त्या प्रवासातलं काय मागे उरलं असं विचाराल, तर मला आठवते ती ताईला घेऊन ट्रक परत वर गेल्यावरची संध्याकाळ. पाहुणे पांगले होते. आई सकाळपासून उपाशी, मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. महिनाभर तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं.

"वर थंडी फार हाय काय रे?"

मी म्हटलं, "फार हाय." आणि मग पांढऱ्या गवतापासून सगळं सांगायला लागलो, निखाऱ्यांचं, घोंगड्यांचं, पार्वतीबाई दिराला काय बोलल्या ते. माझं सांगून झालं तशी ती उठली, आत गेली आणि स्वतःसाठी पान वाढून घेतलं.