कॅम्प दोनचा किस्सा आणि बँकॉकचा बाजार

माझ्या सासूबाई, शालन, लग्नाला आठवडा व्हायच्या आत हरवल्या होत्या. हरवल्या कसल्या, हरवून टाकल्या! त्यांच्या नणंदेनं, आमच्या संजीवनीआत्यांनी, त्यांना विठ्ठलवाडीच्या चाळीतून उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात नेलं, एका कापडाच्या दुकानापुढे उभं केलं, "थांब, आले हं" म्हणाल्या आणि सरळ घरी येऊन झोपल्या. गंमत म्हणून! नवी नवरी मुरबाडकडच्या खेड्यातली. ना चाळीचं नाव ठाऊक, ना रस्ता. "कुणाच्या घरची तू?" असं लोक विचारत होते आणि नवऱ्याचं नाव घ्यायला हिची जीभ रेटत नव्हती. दिवेलागणीपर्यंत रडत उभी. शेवटी दुकानवाल्या सिंधी काकींनी रिक्षात घालून चाळी धुंडाळल्या.

बरं, झालं गेलं सोडलं असतं. पण हा किस्सा आत्यांनी तीस वर्षं पुरवला. बारसं असो, हळद असो, "आमची शालन हरवली होती ना! नवऱ्याचं नाव घेईना, बया!" की सगळे खो खो हसणार. आई खाली मान घालून पाणी वाटत राहायच्या. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या आजही 'अहो'च म्हणतात. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "स्वप्नाली, मरायच्या आधी ही गोष्ट बंद झालेली बघायचीय मला." माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदा माझ्या नवऱ्यानं, अनीशनं, आईबाबांना बँकॉक दाखवायचं ठरवलं. बाबा अडून बसले, "ताई पण येणार." आली का कटकट!

बँकॉकात एका सकाळी निजलेल्या बुद्धांच्या मूर्तीपुढे आई हात जोडून उभ्या होत्या, डोळे भरलेले. मागून आत्या, "आटपा गं, बाजार राहील!" दुपारी त्या भल्यामोठ्या बाजारात शिरलो. बाबा आणि अनीश दमून बाहेर बाकावर बसले. आत्या स्वतःचं काही म्हणून उचलत नाहीत. पर्स, मोबाईल, पासपोर्ट, सगळं आईंच्या खांद्यावर. "धर गं." एका बॅगांच्या दुकानात त्या हातवारे करत भाव पाडायला लागल्या. तेवढ्यात आईंनी माझा दंड धरला आणि मला समोरच्या टांगलेल्या टी-शर्टांमागे ओढलं.

"आई, काय करताय?"

"गप. बघ."

आत्या वळल्या. "शालन?" आधी चिडून. मग चार पावलं इकडे, चार तिकडे. मग आवाज चिरका झाला, "शालन! अगं शालन!" दुकानवालीला मराठीत सांगून झालं, हिंदीत सांगून झालं. हॉटेलचं नाव आठवेना. शेवटी तिथंच मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावला. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं. आईंनी नारळाचं आइस्क्रीम घेतलं, सावकाश संपवलं, हात पुसले आणि मग पुढे झाल्या. "काय हो ताई, हरवलात?"

आत्यांनी त्यांचा हात धरला तो हॉटेलपर्यंत सोडला नाही.

परत आल्यावर चिखलोलीच्या आमच्या फ्लॅटवर सगळे नातेवाईक खाऊ घ्यायला जमले. आईंनी अगदी तोच सूर लावला. "आमच्या ताई बँकॉकात हरवल्या होत्या ना! हॉटेलचं नाव सांगता येईना, बया!"

मी खो खो हसले. बाकी कुणी हसेना.

बाबा भडकले. "हसण्यासारखं आहे का हे? परका मुलूख, बाईमाणूस. काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

आईंनी हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला. बाबांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"हे तेव्हा का नाही बोललात, रामभाऊ?"

आईंच्या तोंडून बाबांचं नाव कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आत्या उठल्या, टीपॉयवरचा ट्रे उचलला आणि पाणी वाटायला लागल्या.