दुबईहून आलेला सुधाकर आणि आमचा तुरुंगपट

चार भली माणसं जगाचं भलं करायला एका हॉलमध्ये जमली की किस्से आपोआप साचतात. आमच्या चर्चच्या गटात तर इतके साचलेत की आम्ही दुसरं काही केलंच नाही असं वाटावं! मी त्या गटाची सेक्रेटरी. म्हणजे चहा मी सांगायचा आणि बोलणीही मीच खायची.

गटात आम्ही चर्चची सामाजिक शिकवण वाचायचो. प्रत्येक माणसाला प्रतिष्ठा आहे, श्रमाला मान आहे, सगळ्यात मागे पडलेल्याचा विचार आधी करायचा. वाचून झालं की सगळे माना डोलवायचे आणि घरी जायचे. एकदा फादर म्हणाले, "यावर फिल्म काढू. तुरुंगातल्या जीवनावर!" गटातला नेल्सन तेव्हा नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि त्याने हँडीकॅम घेतला होता. झालं! तोच डायरेक्टर.

*

कैद्याचा ड्रेस भाड्याने आणायला मी पेठेतल्या दुकानात गेले. मालक पेपर वाचत होते.

"अहो, कैद्याचा ड्रेस हवा होता."

पेपर तसाच. "किती वर्षांसाठी?"

मी दात-ओठ खात डिपॉझिट काढून ठेवलं. तेव्हा कुठे पेपर खाली आला. "कैदी पळाला तर हे परत मिळणार नाही."

*

ड्रेस आला, पण घालणार कोण? बँकेतून रिटायर झालेले गायकवाड सर म्हणाले, "मला जेलर द्या. कैदी नको बुवा, मुलीचं लग्न जमतंय."

मग सगळ्यांचे डोळे सुधाकरकडे वळले. सुधाकर मारामारीच्या केसमध्ये शिक्षा भोगून नुकताच सुटला होता. फादरांनीच त्याला गटात आणलं होतं. नेल्सन त्याला म्हणाला, "अरे, तू किती नॅचरल वाटशील!" मला तर कानफटात द्यावीशी वाटली त्याच्या.

सुधाकर शांतपणे म्हणाला, "नको. आईनं वाघोलीत सगळ्यांना सांगितलंय, मी दुबईला होतो."

"पण घरी तरी तुम्ही दोघं बोलत असाल ना?" मी विचारलं.

"घरीपण दुबईच, ताई. 'तिकडं ऊन लई असंल न्हाई?' असं विचारते. मी हो म्हणतो. एकदा तरी तिनं खरं विचारावं असं वाटतं. पण मी काढला विषय की ती उठून आत जाते."

शेवटी ड्रेस नेल्सनच्याच अंगावर चढला. सुधाकरने लाइट धरायचं काम घेतलं.

*

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी लाइट लागला आणि स्क्रिप्टवरच मीटिंग बसली. 'मानवी प्रतिष्ठा' हा शब्द पहिल्या सीनला घ्यायचा की शेवटच्या? यावर भांडण! सगळी दुपार गेली. माझं डोकं उठलं. तेवढ्यात फादरांचं लक्ष गेलं. "अरे सुधाकर, तू उभा का?"

"लाइट मी धरलाय ना, फादर. बसलो तर तुम्ही अंधारात जाल."

खुर्ची कुणी दिली? कुणीच नाही! सगळे परत प्रतिष्ठेवर भांडायला लागले. खुर्ची मी ओढून आणली, तीही एक पाय मोडकी निघाली.

*

गायकवाड सरांनी जेलरच्या टोपीत काय भाषण ठोकलं! "सुटलेल्या माणसाला काम द्या! श्रमासारखी प्रतिष्ठा नाही!" फादरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी शॉट वाया गेला, म्हणून सरांनी तेच भाषण पुन्हा ठोकलं.

चहाच्या वेळी सुधाकरने त्यांना विचारलं, "सर, तुमच्या नव्या सोसायटीत वॉचमन हवाय म्हणे. मला जमेल."

सर चहात बिस्किट बुडवत बसले. "अरे, तशी आमची सोसायटी चांगल्या लोकांची आहे रे."

माझा पारा चढला. "सर! आत्ता कॅमेऱ्यासमोर काय बोललात?"

"तो डायलॉग होता!"

*

फिल्म दाखवायचा दिवस ठरला. सुधाकर मला कळवळून म्हणाला, "ताई, आईला मात्र कळू देऊ नका." मी फादरांना बजावून सांगितलं. आणि फादरांनी काय करावं? तिच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आले! मी कपाळावर हात मारून घेतला.

सुधाकरची आई, सोनाबाई, आली. धुतलेलं लुगडं नेसून, पुढच्या रांगेत बसली. सुधाकर मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही, आईच्या पाठीकडेच बघत राहिला.

फिल्म संपली. गायकवाड सर सगळ्यांकडून कौतुक वसूल करत फिरत होते. सोनाबाई उठली ती थेट नेल्सनकडे गेली. तो ऑफिसमधून तसाच आलेला, गळ्यात कंपनीचं आयकार्ड. तिने त्याचा हात धरला.

"पोरा, आत पोटभर खायाला द्यायचे का रं?"

नेल्सन गडबडला. "अहो मावशी, मी तर..."

तिच्या मागून सुधाकर म्हणाला, "द्यायचे, आई."

तिने मागे वळून पाहिलं नाही. नेल्सनचा हातही सोडला नाही.

"आन् थंडीचं पांघराया?"

"दोन कांबळी होती."

"मंग बरं," ती नेल्सनला म्हणाली.