तारीख घालायचा मान

मुलांनो, तुमच्यातली थोरली परवा फोनवर म्हणाली, की जुन्या कॉम्प्युटरांमधल्या घड्याळाच्या चिपा नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखता याव्यात, असं काहीतरी ती करते आहे. आजी, तू कधी असली चिप पाहिली होतीस का, असं तिनं विचारलं. मी विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

तुमचे आजोबा गेल्यावर मी सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे नोकरी धरली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पिंप्राळ्याहून एसटीनं जायचे. मालकांना, म्हणजे नानांना, इंग्रजी मॅन्युअल वाचणारं माणूस हवं होतं. त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला की आधी तारीख विचारायचा. नुसतं एंटर दाबलं, तर १ जानेवारी १९८० धरायचा आणि दिल्लीच्या मालाच्या बिलांवर तीच छापायचा.

पहिल्याच सकाळी मी तारीख घालायला हात पुढे केला, तोच नानांच्या आई, अक्का, दारातून म्हणाल्या, "बाई, बठ्ठं काम तू कर. दिवस मात्र तुझ्या हातानं उघडायचा नाही."

विधवा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. गरजच नव्हती.

मग रोज वरच्या मजल्यावरून त्यांची नातसून यायची, मशीनला हळदकुंकू लावून तारीख टाइप करायची. तिला उशीर झाला की ट्रक भरून उभे, हमाल बिड्या ओढत बसलेले, आणि मी कीबोर्डसमोर हात मांडीवर ठेवून. बाईंचा मुहूर्त अजून लागला नाही वाटतं, असं हिशेबनीस म्हणायचा. सगळे हसायचे.

कॉम्प्युटरमध्ये घड्याळाचं एक कार्ड होतं. धुळ्याचा मेकॅनिक ते बसवून गेला, पण ते वाचणारा प्रोग्राम त्यानं दिलाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी मॅन्युअल घेऊन बसू लागले. चिपमधून भलतेच आकडे यायचे. तेवीस तारखेला पस्तीस. दहाचा आणि एकाचा अंक ती वेगवेगळा ठेवते आणि मशीन दहाच्या जागी सोळा धरतं, दोन सोळा बत्तीस आणि तीन पस्तीस, हे कळलं तेव्हा कोडं सुटलं. मी घड्याळ लावलं आणि मशीन सुरू होताच आपोआप चालेल असा प्रोग्राम घातला.

दुसऱ्या दिवशी नानांनी बटण दाबलं आणि पडद्यावर बरोबर तारीख आली. ट्रक वेळेवर सुटले. नाना खूश होते. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी अक्का खाली आल्या. आता तारीख कोण घालतं, त्यांनी विचारलं. आतलं घड्याळ, नाना म्हणाले.

"आणि घड्याळ कोणी लावलं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रू काढले, कार्ड उपसलं आणि माझ्या डब्याशेजारी ठेवलं. "घरी घेऊन जा," एवढंच म्हणाले. बाईंना फुकटात घड्याळ मिळालं, असं हिशेबनीस म्हणाला.

दुसऱ्या सकाळी नातसून उशिरा आली. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. तुमचा बाप नोकरीला लागेपर्यंत तशीच बसत राहिले.

ते कार्ड माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. त्यावरचा घड्याळाचा सेल गळून तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या आहेत. चिप शाबूत आहे.